रविवारची गाडी

मोटार घ्यायची आणि तीही केवळ फिरायला, असे आमच्या घरात तीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते, तर आईने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले असते. आमच्या घरात खर्चाची क्रमवारी ठरलेली होती. आधी मुलांचे शिक्षण, मग डोक्यावरचे छप्पर, मग आजारपण, मग गावाकडची देणीघेणी. मौज या सदराला आमच्या वहीत पानच नव्हते.

म्हणूनच वाचकहो, या वर्षी आम्ही दोघा भावांनी मिळून एक जुनी, पण वेगाची गाडी केवळ रविवारसाठी घेतली, त्याची हकीगत सांगताना थोडा संकोच वाटतो. तरी सांगतो. कारण गाडी घेताना आम्ही दोनदा चुकता चुकता राहिलो, आणि त्या दोन्ही चुका गाडीच्या नव्हत्या, आमच्या मनाच्या होत्या.

आम्ही कुर्ल्याचे. थोरला बेस्टच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाला, धाकटा महापालिकेच्या शाळेत शिक्षक आहे. खोल्या दोन, पण चूल एक. आमचे वडील, अण्णा, आज ८३ वर्षांचे आहेत. १९६६ साली ते कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात रंगखात्यात लागले आणि २००० साली निवृत्त झाले. आधी फियाट अकराशे, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी, असे चौतीस वर्षे त्यांनी गाड्यांचे पत्रे घासले आणि रंगवले. पॉलिश पेपरने त्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या. आपण रंगवलेल्या गाडीत ते बसले ते भाडे देऊन, टॅक्सीत, आईला दवाखान्यात नेताना.

गाड्यांचे वेड आम्हाला तिथूनच लागले. थोरल्याला इंजिनाचा आवाज कळायचा, धाकट्याला चित्रे आवडायची. नव्वदीच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची उघडी स्पोर्ट्स कार तयार होऊ लागली. तिचे मासिकातून कापलेले चित्र धाकट्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. ते अजून आहे, पिवळे पडले आहे.

थोरला निवृत्त झाल्यावर आणि भिशीचा नंबर लागल्यावर हिशेब मांडला. थोरल्याची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिची फी आणि अण्णांच्या औषधपाण्याची रक्कम आधी बँकेत वेगळी ठेवली. कर्ज काढायचे नाही हेही ठरले. उरले दोन लाख रुपये. थोरल्याची मंडळी, जिला घरात सगळेच वहिनी म्हणतात, तिने ती वही शेवटपर्यंत वाचली आणि दोन अटी घातल्या.

“दोन सीटची गाडी आणायची नाही. रविवारी तुम्ही घाटात आणि आम्ही चुलीपुढे, हे जमणार नाही. आणि गाडी आली की मलाही चालवायला शिकवायची.”

सॅन स्टॉर्मचा प्रश्न तिथेच मिटला. मग आम्ही अशी गाडी शोधू लागलो, जी दिसायला घरगुती पण इंजिनाने दांडगी. ज्यांना चालवण्याचा शौक आहे पण खिसा लहान आहे, असे लोक आपल्याकडे ज्या जुन्या गाड्यांची नावे घेतात, त्यांत दोन नावे हटकून येतात. एक होंडा सिटी व्हीटेक आणि दुसरी फियाट पॅलिओ १.६. दोन्ही गाड्या पाहायचे ठरले. पावसाळा संपत आला होता, २०२५ चा सप्टेंबर.

पहिली होंडा पाहिली, ठाण्याला. २००२ ची, चंदेरी, किंमत १ लाख ६० हजार. होंडा सिटी भारतात १९९८ साली आली. नंतर तिच्यात १४९३ सी.सी.चे व्हीटेक इंजिन बसवले, ताकद १०६ अश्वशक्तीच्या आसपास. व्हीटेक म्हणजे काय, ते थोरल्याने आम्हाला साध्या भाषेत सांगितले. इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह असतात. सावकाश चालताना ते थोडे उघडले तरी पुरते. पण इंजिनाचे फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक खीळ सरकते आणि तेच व्हॉल्व्ह जास्त उघडू लागतात. म्हणजे पोटभर जेवणाऱ्याला दुप्पट ताट. त्यामुळे हीच गाडी बाजारात गाईसारखी चालते आणि मोकळ्या रस्त्यावर घोड्यासारखी.

आम्ही सकाळी लवकर टेस्ट मारली. तिसऱ्या गिअरमध्ये तिचा आवाज बदलला, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांनी एकमेकांकडे तसे पाहू नये.

गाडी परत आणली, तेव्हा मालकाने दुसऱ्यांदा विचारले, “आडनाव काय म्हणालात?” आम्ही सांगितले. त्याने आमच्या चपलांकडे पाहिले आणि म्हणाला, “होंडा आहे. सांभाळायला जमेल ना? नाहीतर एखादी साधी बघा.”

आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे केले. असे प्रश्न आम्हाला नवीन नाहीत. पण घरी परतताना लोकलमध्ये धाकटा म्हणाला, “आता हीच घ्यायची. रोख पैसे त्याच्या हातावर मोजायचे.” थोरला गप्प होता, पण त्याच्याही मनात तेच होते. ही आमची पहिली चूक.

दुसरी गाडी पनवेलला. पॅलिओ १.६, २००२ चीच, तांबडी, किंमत १ लाख २५ हजार. पॅलिओ २००१ साली बाजारात आली आणि ती आमच्या कुर्ल्याच्याच कारखान्यात तयार होत होती. इंजिन १५९६ सी.सी.चे, सोळा व्हॉल्व्हचे, ताकद १०० अश्वशक्तीच्या घरात. होंडासारखी ती वरच्या फेऱ्यांची वाट पाहत नाही, खालपासूनच ओढते. दार लावले की जाड लाकडी कपाट लावल्यासारखा आवाज येतो. सीट उंच, त्यामुळे वयस्क माणसाला गुडघे न दुमडता बसता येते. होंडा मात्र इतकी खाली की तीत बसणे म्हणजे पाटावर बसणे.

पॅलिओचे दोषही तसेच दांडगे. पेट्रोलला हावरी. मालकानेच सांगितले, शहरात लिटरला नऊ-दहाच्या वर जात नाही. होंडाच्या मालकाने बारा-तेरा सांगितले होते. शिवाय फियाटने २०१९ नंतर भारतात मोटारी विकणे थांबवले, त्यामुळे सुटे भाग शोधावे लागतात. होंडाची कंपनी इथे आहे आणि तिच्या गाड्यांवर हात बसलेले फिटरही भरपूर. कागदावर पाहिले तर होंडा सरस.

पण आमचे मन कागदावर नव्हते. धाकट्याला ठाण्याच्या त्या माणसाला दाखवून द्यायचे होते, म्हणून होंडा हवी होती. थोरल्याने पॅलिओच्या बोनेटखालच्या पाटीवर कारखान्याचे नाव वाचले आणि त्याचा गळा दाटून आला. “अण्णांच्या हातची गाडी आहे रे. अण्णांच्याच दारात आली पाहिजे.” ही आमची दुसरी चूक. दोन रात्री आम्ही भाऊ जेवणावरून वाद घालत उठलो. तिसऱ्या रात्री वहिनीने ताटे उचलता उचलता म्हटले, “ज्याने आयुष्यभर गाड्या रंगवल्या, त्याला कोणी विचारले का?”

खरेच, विचारले नव्हते. आम्ही त्यांच्या नावाने भांडत होतो, त्यांच्याशी बोलत नव्हतो.

अण्णांनी दोन्ही बाजू ऐकल्या. मग थोरल्याला म्हणाले, “माझा हात त्या गाडीला लागलाच नाही. मी २००० ला बाहेर पडलो, ती २००१ ला आली. आमच्या शेडमधल्या पोरांच्या हातची असेल. माझ्या नावावर जुनी गाडी खपवू नको.” आणि धाकट्याकडे वळून म्हणाले, “ज्याला दाखवायचंय, तो रविवारी तुझ्या गाडीत बसणार आहे का?”

आम्ही दोघेही गप्प.

“मग कोणती घ्यायची, अण्णा?”

“कारखाना बघू नका, आणि विकणाऱ्याचं तोंडही बघू नका. वीस-बावीस वर्षं जुनी गाडी ही कंपनीची राहत नाही, ती ठेवणाऱ्याची होते. ती कशी ठेवली ते बघा. मला घेऊन चला.”

त्या रविवारी आम्ही भाड्याची रिक्षा-टॅक्सी करून अण्णांना दोन्हीकडे नेले. सोबत थोरल्याची मुलगी होती. तिने मोबाईलवर परिवहन खात्याच्या नोंदीत दोन्ही गाड्यांचे नंबर आधीच तपासून ठेवले होते.

अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांनी होंडाला पाहिलेच नाही, तळहात फिरवला. पुढच्या दारावरून मागच्या दारावर हात गेला आणि थांबला. “इथून खाली रंग दुसरा आहे. आतून काहीतरी झाकलंय.” मग थोरल्याने त्याचे काम सुरू केले. पायाखालचा गालिचा उचलला. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजाने खाल्लेले. डिकीत स्टेपनी काढली, तर खालच्या खोलगट भागात कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ. शेवटी मागच्या सीटचा पट्टा पूर्ण ओढला. नेहमी गुंडाळलेला राहतो तो शेवटचा भाग बाहेर आला आणि त्याच्यावर पाण्याची तपकिरी रेघ स्पष्ट दिसली.

गाडी कधीतरी पुरात बुडाली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत किती गाड्या पाण्याखाली गेल्या, ते कुर्ल्याच्या माणसांना वेगळे सांगायला नको. ही त्यातलीच का, हे आम्ही ठामपणे म्हणू शकत नाही. हा मालक तिसरा होता, कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. त्याचा चेहरा खरोखरच उतरला. इंजिन उत्तम होते, पण बुडालेल्या गाडीचे तारांचे जोड आतून सडत जातात आणि तळाचा पत्रा कधी दगा देईल ते सांगता येत नाही. आम्ही त्यांना नमस्कार करून निघालो. रागाने घेतली असती, तर तो राग आम्हाला दर महिन्याला फिटरकडे मोजावा लागला असता.

पनवेलचे मालक निवृत्त गृहस्थ. गाडी पहिल्यापासून त्यांचीच. डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यामुळे क्लच दाबवत नाही, म्हणून विकत होते. अण्णांनी तळहात फिरवला आणि म्हणाले, “उजवा मागचा पत्रा रंगवलाय.” गृहस्थ हसले. “बरोबर. २०१४ ला रिक्षा घासली होती.” आणि त्यांनी घरातून एक जाड वही आणून दिली. तारीख, किलोमीटर, तेल बदलले, ब्रेकचे पॅड टाकले, किती रुपये दिले, सगळे ओळीने निळ्या शाईत. एसी कमी पडतो, पुढच्या उजव्या आर्मचा बुश गेला आहे, आणि कर्ज फेडले तरी आर.सी.वरचा बँकेचा बोजा उतरवायचा राहिला आहे, हे तिन्ही दोष त्यांनीच सांगितले.

अण्णांनी वही धाकट्याकडून वाचून घेतली. दहा-बारा पाने ऐकली आणि म्हणाले, “बास.”

निर्णय झाला. प्रामाणिकपणे सांगायचे तर होंडा स्वच्छ असती आणि तिच्यासोबत अशी वही असती, तर आम्ही होंडाच घेतली असती. मग अण्णांच्या गुडघ्यांसाठी एखादी उशी शिवली असती.

सौदा १ लाख १५ हजारांना ठरला. पण पैसे देण्याआधी कागद पुरे केले. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवला. मग मालकाच्या सहीचा फॉर्म २९ आणि दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३० देऊन गाडी आमच्या नावावर केली. इंजिन आणि चॅसीचे नंबर आर.सी.शी स्वतः ताडून पाहिले. पुष्कळ लोक गाडी घेतात आणि “नाव नंतर करू” म्हणतात. तोपर्यंत अपघात झाला, तर विकणारा आणि घेणारा दोघेही कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

दुरुस्तीला ४० हजार आधीच बाजूला ठेवले होते, ३८ हजार ६०० लागले. सर्वात आधी टायमिंग बेल्ट बदलला. हा पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकण्याचा धोका असतो, आणि मग इंजिनाचे काम गाडीच्या किमतीच्या घरात जाते. टायर दिसायला छान होते, नक्षी भरपूर होती. पण टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर २३१६ होते, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नऊ वर्षांचे रबर घाटात पकड धरत नाही, म्हणून चारही बदलले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, जुन्या गाडीचे रबरी पाइप त्याने लवकर खराब होऊ शकतात, म्हणून पेट्रोलचे पाइपही नवे टाकले. बुश आणि काही बारीकसारीक भाग थोरल्याने कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून दोन दिवस फिरून मिळवले.

पुढचा खर्चही वहीत लिहून ठेवला आहे. गाडीची नोंदणी २०२७ पर्यंत आहे. तेव्हा पुन्हा पासिंग करावे लागेल, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपये झाले आहे. शिवाय पर्यावरण कर आणि विमा. जुनी गाडी स्वस्तात येते, स्वस्तात राहत नाही. ज्यांना विकत घेण्याएवढेच पैसे आहेत, त्यांनी अजून वर्षभर थांबावे, असा आमचा सल्ला आहे.

आणखी एक. या गाडीत एअरबॅग नाहीत, चाके जाम होऊ न देणारे ब्रेक नाहीत. शंभर अश्वशक्ती आहे म्हणून ती सगळी वापरलीच पाहिजे असे नाही. मागचे पट्टेसुद्धा लावल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, हा नियम थोरल्याच्या मुलीने काढला आणि तोच आता घरचा कायदा आहे.

ऑक्टोबरात पहिल्या रविवारी पहाटे निघालो. पनवेलपर्यंत थोरला, पुढे खोपोलीपर्यंत धाकटा. अण्णा पुढे बसले होते, मांडीवर डबा. जुन्या रस्त्याने बोरघाट लागला. वळणावर थोरल्याने, आता तोच स्टिअरिंगवर होता, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली आणि पाय हलकेच दाबला. गाडी एका दमात वर चढली. मागे वहिनी “अगंबाई” म्हणाली, आणि मग “पुन्हा एकदा” म्हणाली.

कार्ल्याला पोहोचलो. लेण्यांच्या पायऱ्या अण्णांना चढवत नाहीत. आम्ही वर जाऊन येईपर्यंत ते खाली गाडीपाशीच थांबले. उतरताना आम्ही लांबून पाहिले, तर ते फडक्याने दाराचा पत्रा पुसत होते. सावकाश, गोलगोल, जसा रंगखात्यात शेवटचा हात मारत असतील तसा.

जवळ गेलो, तर म्हणाले, “पोरांनी काम बरं केलंय.”

त्यांच्या शेडमधल्या पोरांनी, की आम्ही, ते आम्ही विचारले नाही. वहिनीला लर्निंग लायसन्स मिळाले आहे. दर रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात ती तासभर शिकते. आणि पनवेलच्या गृहस्थांच्या त्या वहीत, त्यांच्या निळ्या शाईच्या शेवटच्या ओळीखाली, आता आमच्या ओळी सुरू झाल्या आहेत.